तुसाची गाळणी

गेल्या वर्षी श्रावणात अमेरिकेतील पोर्टलंडहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. पत्र हा शब्द जुन्या सवयीचा. आले ते मोबाइलच्या पडद्यावर, आणि सोबत चार छायाचित्रे होती. पहिल्यात सहलीला बर्फ व पेये न्यायची, जाड भिंतींची एक निळी पेटी. दुसऱ्यात त्याच पेटीला बुडाशी भोक पाडून बसवलेली पितळी तोटी. तिसऱ्यात नळाला जोडण्याच्या लवचीक नळीवर असते ते विणलेले पोलादी जाळे, आतले रबर ओढून काढलेले. आणि चौथ्यात तेच जाळे चेपून पापडासारखे चपटे झालेले, वर चिकट पिठाचा राडा. खाली मजकूर असा :

‘सर, घरी बिअर करायला घेतली होती. रात्रीचे दोन वाजले तरी तोटीतून थेंब येईना. दोष गाळणीचा आहे एवढे कळले. आता भोकांची ताटली घेऊ, तांब्याची नळी घेऊ, की सरळ कापडी पिशवी? गाळणे तुम्हीच शिकवलेत, म्हणून तुम्हांलाच विचारतो.’

मी जरा चपापलो. एक तर मी मद्य घेत नाही. आणि आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून घरी असले काही करणे हा गुन्हा आहे. त्याच्या गावी तो नाही, हे मला मागाहून कळले. दुसरे असे, की मी शिकवलेले गाळणे म्हणजे सहावीच्या वर्गातला तीन मडक्यांचा प्रयोग. वरच्या मडक्यात गढूळ पाणी, मधल्यात वाळू, कोळसा आणि खडी, बुडाच्या भोकात चिंधी, खालच्यात स्वच्छ पाणी. एवढ्या भांडवलावर माणसाने बिअरच्या गाळणीबद्दल मत द्यावे, हा उद्धटपणाच. पण विद्यार्थ्याने विचारले आणि मास्तरने ‘ठाऊक नाही’ म्हणून हात झटकले, हेही मनाला बरे वाटेना. शास्त्रात मला फारशी गती नाही. इतिहास वाचण्याची मात्र खोड आहे. तेव्हा मी मागल्या दाराने शिरलो. कोणती गाळणी चांगली हे बाजूला ठेवून, माणसाने हा रस आजवर कशाकशातून गाळला, ते पाहू लागलो.

ज्या वाचकांना या उद्योगाची माहिती नाही, त्यांनी आपल्या घरच्या कुरडया आठवाव्यात. गहू तीन दिवस भिजत घालायचे, वाटायचे, चीक पिळून काढायचा आणि चोथा टाकून द्यायचा. बिअरचे पहिले पाऊल या वाटेशेजारूनच जाते. जव, म्हणजे आपले सातू, भिजवून त्यांना मोड आणतात आणि ते मोड गरम हवेत वाळवतात. याला मॉल्ट म्हणतात. नाचणीला मोड आणून आपण सत्त्व करतो, त्याची ही परदेशी बहीण. हे मॉल्ट भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचे. मोड येताना दाण्यात जी पाचक द्रव्ये जागी झालेली असतात, ती या उबेत पिठाची साखर करतात. या सरसरीत लापशीला मॅश म्हणतात आणि ती ज्या भांड्यात मुरते त्याला मॅश टन. टन म्हणजे पिंप. वजनाचा टनसुद्धा या पिंपाच्याच नावावरून आला. तासाभराने पिंपात गोड रस आणि चोथा एकत्र असतात. रस खाली काढून घ्यायचा, चोथा वर ठेवायचा, आणि चोथ्याला चिकटलेली साखर गरम पाण्याने हळूहळू धुऊन घ्यायची. पुढे रस उकळतात, त्यात हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालतात आणि मग तो आंबवतात. पण आपला विषय तेथवर जात नाही. आपला विषय पिंपाच्या बुडाशी आहे. तोटी उघडली की रस यावा आणि चोथा येऊ नये, यासाठी तिथे काय बसवावे?

कुरडयांत हा प्रश्न पडत नाही, कारण आपण हाताने पिळतो. इथे पिळायचे नाही. इथे रसाने आपल्या पायांनी खाली उतरायचे आहे.

माणसाने पहिल्यांदा या प्रश्नाला बगल दिली असावी असे दिसते. रस गाळायचा नाही, पिताना गाळायचे. मेसोपोटेमियातील जुन्या मुद्रांवर एका मोठ्या घटाभोवती बसलेली आणि लांब नळ्यांनी पिणारी माणसे कोरलेली आहेत. उर या नगरीत लेनर्ड वुली यांनी १९२० च्या दशकात उत्खनन केले, तेव्हा राणी पुआबीच्या थडग्यात सोन्याने, चांदीने आणि लाजवर्दाने मढवलेल्या नळ्या मिळाल्या. हे सुमारे ४५०० वर्षांपूर्वीचे. सामान्यांच्या नळ्या बोरूच्या असत. त्या कुजून गेल्या, पण त्यांच्या टोकाला बसवायच्या बारीक भोकांच्या धातूच्या व हाडाच्या टोप्या त्या भागात ठिकठिकाणी सापडल्या आहेत. म्हणजे गाळणी होती, पण ती ज्याच्या त्याच्या ओठाशी होती. पुढे ती भांड्यात आली. निंकासी नावाची त्या लोकांची बिअरची देवता होती, इ. स. पूर्व १८०० च्या सुमारास मातीच्या पाटीवर लिहिलेल्या तिच्या स्तोत्रात गाळण्याच्या घटाचा उल्लेख आहे. १९६४ साली मिगेल सिव्हिल या पंडिताने त्या स्तोत्राचा अनुवाद केला.

इथे मला आपल्याकडची एक गोष्ट आठवली आणि मी उठून बसलो. ऋग्वेदाचे नववे मंडल सगळे सोमाला वाहिलेले आहे. त्यात सोम वाटला जातो आणि मेंढीच्या लोकरीच्या गाळणीतून गाळला जातो. त्या गाळणीचे नाव ‘पवित्र’. जी शुद्ध करते ती वस्तू, म्हणजे पवित्र. आज आपण देवळाला, नदीला, ग्रंथाला पवित्र म्हणतो, पण शब्दाच्या मुळाशी एक साधी लोकरीची गाळणी आहे. सोम ही बिअर नव्हती. तो वनस्पतीचा पिळलेला रस होता. परंतु यजुर्वेदाच्या परंपरेतील सौत्रामणी यज्ञात मोड आलेल्या धान्याची सुरा लागे, आणि तीही केसांच्या गाळणीतून गाळीत. गंमत अशी, की जर्मन भाषेत मॅशमधून रस निवळून घेण्याच्या क्रियेला ‘लॉयटर्न’ म्हणतात आणि त्या शब्दाचाही अर्थ शुद्ध करणे, निर्मळ करणे असाच आहे. माणसाचे मन संकटातून शुद्ध होते, तिथेही ते हेच क्रियापद वापरतात. दोन दूरच्या समाजांना गाळताना शुद्धीची आठवण व्हावी, यात नवल नाही. तळाशी पहिली निवळ धार दिसली की कुणाच्याही मनात तेच येईल.

यानंतरची वाट उत्तरेकडे जाते, आणि तिथे गाळणी रानातून येते. फिनलंडमध्ये साहती नावाची गावठी बिअर अजून घरोघर केली जाते. २००२ साली युरोपीय संघाने तिच्या पारंपरिक कृतीला संरक्षण दिले. तिच्यासाठी ‘कूर्ना’ असते. कूर्ना म्हणजे ओंडका कोरून केलेली द्रोणी, गुरांना पाणी पाजायच्या आपल्या लाकडी डोणीसारखी. तिच्या बुडाशी काटक्या, त्यांवर पेंढा आणि जुनिपरच्या हिरव्या फांद्या. वरून लापशी ओतली, की फांद्यांतून वाट काढीत रस एका टोकाला ठिबकतो आणि येताना रानाचा वास घेऊन येतो. नॉर्वेत उभे पिंप असते. त्याच्या बुडाला एक भोक, भोकात उभा सोटा, सोट्याभोवती जुनिपरच्या फांद्या. सोटा किंचित उचलला की रस वाहू लागतो. दाबला की बंद. आपल्या तोटीचे काम तो सोटाच करतो. ऑड नॉर्डलंड यांनी १९६९ साली नॉर्वेच्या घरगुती बिअरवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. गावोगावच्या चालीरीती, भांडी आणि शब्द त्यांत साठवलेले आहेत.

इंग्लंडातही हेच. विल्यम कॉबेट हा शेतकऱ्याचा मुलगा, भांडखोर पत्रकार आणि गरिबांचा कैवारी. त्याचे ‘कॉटेज इकॉनॉमी’ हे पुस्तक १८२२ चे. मजुराने आपल्या झोपडीत भाकरी कशी भाजावी, डुक्कर कसे पाळावे आणि बिअर कशी करावी, हे त्यात तो हात धरून शिकवल्यासारखे सांगतो. पिंपाच्या बुडाला भोक आणि भोकात सोटा, हे नॉर्वेसारखेच. पण जुनिपरच्या जागी बर्च झाडाच्या बारीक डहाळ्यांची, दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली एक लहान मोळी. ती भोकावर आडवी ठेवायची आणि तिच्यातून सोटा खाली घालायचा. झाली गाळणी. बाजारातून काही आणायला नको.

हे वाचताना माझ्या मनात एक शंका सारखी टोचत होती. डहाळ्यांच्या मोळीत बोट शिरेल एवढ्या फटी असतात. जुनिपरच्या फांद्यांतून तर अख्खे दाणे निसटतील. मग त्यांच्यातून पीठ अडून निर्मळ रस कसा उतरतो? आणि माझ्या विद्यार्थ्याचे पोलादी जाळे एवढे बारीक असून त्यातून थेंबही का येत नाही?

याचे उत्तर गाळणीत नाही. ते दाण्यात आहे. गव्हाची मळणी केली की त्याचे फोल सुटते आणि वारवले की उडून जाते. जवाचे तसे नाही. त्याचे तूस दाण्याला चिकटलेले असते. मळणीत, वारवण्यात, मोड येताना, वाळताना ते त्याला सोडत नाही. भाकरीच्या दृष्टीने हा मोठाच दुर्गुण. खाणाऱ्याच्या दातांत कुसळ यावे तसे ते येते. पण मॅशच्या पिंपात हाच दुर्गुण उपयोगी पडतो. भरडलेल्या जवाची तुसे पिंपाच्या बुडाशी एकावर एक आडवी-तिडवी बसतात आणि त्यांचा एक पोकळ, लवचीक थर तयार होतो. रस या थरातून वाट काढीत उतरतो आणि पिठाचे कण त्या वाटांत अडकून पडतात. खरी गाळणी ती. डहाळ्या, पेंढा, फांद्या, पोलादी जाळे या सगळ्यांचे काम एवढेच, की या थराला खालून आधार द्यायचा आणि तोटीचे तोंड मोकळे ठेवायचे. आधार म्हणजे गाळणी अशी गैरसमजूत आपण करून घेतो, कारण आधार डोळ्यांना दिसतो आणि थर दिसत नाही.

जुन्या माणसांना हे पुस्तकावाचून ठाऊक होते. म्हणून ती मॉल्ट दळीत नसत, भरडीत. आपल्या गृहिणीला भरड आणि पीठ यांतला फरक सांगायला नको. दाणा फुटावा, आतले पीठ मोकळे व्हावे, पण तूस अखंड राहावे. पिठासारखे बारीक केले तर साखर थोडी अधिक मिळते हे खरे, पण तुसाचे तुकडे होतात, थर बसत नाही, आणि सगळ्याची मिळून कणकेसारखी खळ होते. पहिला रस नेहमी गढूळच येतो, कारण थर अजून जमलेला नसतो. तो फेकून द्यायचा नाही आणि पुढेही न्यायचा नाही. अलगद परत वर ओतायचा, निवळ येईपर्यंत. जर्मन लोक याला ‘फोरलाउफ’ म्हणतात. शिवाय तोटी भसकन उघडायची नाही; रस जोराने ओढला गेला की वरचा भार थराला दाबून बसवतो आणि मग काही केल्या तो उकलत नाही. आणि धुण्याचे पाणी सुमारे ७७ अंशांच्या वर तापवायचे नाही, कारण तूस फार तापले, फार धुतले गेले की आपला तुरटपणा रसात सोडते. ज्याच्याकडून काम घ्यायचे, त्याला किती ताणायचे याचीही मर्यादा असते.

इतके सगळे जर शेकडो वर्षे झोपडीझोपडीत ठाऊक होते, तर माझ्या विद्यार्थ्याला ते कुणी सांगितले कसे नाही? या प्रश्नापाशी गाळणीचा इतिहास कराच्या आणि कायद्याच्या इतिहासात शिरतो.

इंग्लंडात १६९७ पासून मॉल्टवर कर होता. घरी बिअर करणाऱ्याला बिअरचा कर नसे, पण मॉल्ट विकत घेताना कराचा भार त्याच्याही डोक्यावर येई. कॉबेटने पुस्तक लिहिले ते याच संतापाने. ससेक्समधल्या एका शेतकऱ्याने पार्लमेंटच्या समितीपुढे दिलेली साक्ष तो पुढे करतो. चाळीस वर्षांमागे त्या गावात घरी बिअर न करणारा मजूर नव्हता. आता कुणी मॉल्ट भेट दिले तरच कुणी करतो. कराने मॉल्ट महाग झाले, मजूर चहाकडे वळला, आणि चहावर कॉबेटचा भारी राग. त्याचा हा राग आज हसू आणील. पण त्यामागचे दुःख खोटे नव्हते. एका पिढीने घरी करायचे सोडले की पुढच्या पिढीला डहाळ्यांची मोळी कशी बांधायची ते कोण दाखवणार? १८८० साली ग्लॅडस्टन यांनी मॉल्टवरील कर काढून तो बिअरवर बसवला. या कायद्याला लोकांनी ‘मुक्त मॅश टनचा कायदा’ असे नाव दिले, कारण पिंपात काय घालावे याचे बंधन सुटले. पिंप मुक्त झाले. पण घरी करणाऱ्याला आता परवाना लागू लागला. तो परवाना रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्यांनी रद्द केला १९६३ मध्ये. मधे ८३ वर्षे गेली.

अमेरिकेत धागा याहून सपशेल तुटला. १९२० ते १९३३ अशी १३ वर्षे तिथे देशभर दारूबंदी होती. त्या काळात मॉल्टचा आटवलेला पाक डब्यांत मिळे. लोक तो नेत आणि घरी चोरून बिअर करीत. पाक आयता गाळलेला, तेव्हा पिंप नको, भरड नको, गाळणी नको. १९३३ मध्ये बंदी उठली, घरी द्राक्षाची वाइन करायला मुभा मिळाली, पण घरगुती बिअरला मिळाली नाही. ती मिळायला १४ ऑक्टोबर १९७८ उजाडावा लागला. त्या दिवशी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेला कायदा १९७९ च्या फेब्रुवारीपासून अमलात आला; दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, इतकी करमुक्त सूट. मिसिसिपी व अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी तर २०१३ साली परवानगी दिली.

कौटिल्याची इथे आठवण होते. त्याने सुरेवर राज्याचा कडक अंमल ठेवला, सुराध्यक्ष नेमला. तरीही कुटुंबवाल्यांना घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा करण्याची मुभा दिली आणि उत्सव, यात्रा असल्या प्रसंगी चार दिवसांची सूट ठेवली. बंदी योग्य की अयोग्य, या वादात मला इथे पडायचे नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांतून पाहिली आहेत. मला एवढेच दिसले, की बंदी वस्तूवर घातली जाते आणि नाहीसे होते ते ज्ञान. आणि पुढे कधी बंदी उठली, तरी ज्ञान हुकुमासरशी परत येत नाही.

१९७८ नंतरच्या अमेरिकनाला सगळे पहिल्यापासून शोधावे लागले. दुकानात घरगुती मॅश टन मिळत नव्हते आणि घरात आजीची द्रोणी नव्हती. त्याने मग हाताशी होते ते उचलले, जसे फिनलंडच्या शेतकऱ्याने जुनिपर उचलले होते. कोलोराडोतील बोल्डर गावचे चार्ली पपाझियन हे या चळवळीतले अग्रणी, आणि पेशाने शिक्षक. १९८४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी दोन प्लॅस्टिकच्या बादल्या एकात एक बसवायला सांगितल्या; आतल्या बादलीच्या बुडाला ड्रिलने शेकडो भोके पाडायची, बाहेरचीला तोटी. मला ही आकृती पाहून माझी तीन मडकी आठवली. सहलीची बर्फाची पेटी त्यापुढची. जी भिंत थंड आत ठेवते, ती उष्णही आत ठेवते. तासभर ६६ अंश टिकवायला याहून स्वस्त भांडे कोणते? पेटीच्या बुडाशी मग प्लंबरच्या सामानातली तांब्याची नळी आली, करवतीने आडवे छेद पाडलेली, छेद खाली तोंड करून. पोलादाची भोकाभोकांची ताटली आली, मोदकपात्रातल्या चाळणीसारखी. नळीवरचे विणलेले जाळे आले. आणि या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील लोकांनी पेटीलाच रजा देऊन भरड सरळ मोठ्या कापडी पिशवीत, पातेल्यातच मुरवायची पद्धत रूढ केली.

यांतली चांगली कोणती, याचा विचार जॉन पामर या लेखकाने भूजलशास्त्राच्या आधाराने केला आहे, आणि त्या शास्त्राचे मूळ आहे फ्रान्समधील दिजों शहरात. आन्री दार्सी हा तिथला अभियंता. शहराला पाणी पुरवताना त्याने उभ्या नळकांड्यांत वाळू भरून तिच्यातून पाणी सोडून पाहिले आणि १८५६ साली नियम मांडला. पाणी किती वाहील, हे वर किती उंच उभे आहे, थर किती रुंद, किती जाड आणि किती मोकळा आहे, यांवर ठरते. वाळूच्या जागी तूस ठेवा, नियम तोच. त्यावरून असे दिसते, की भोकांची ताटली सगळ्या बुडावरून सारखा रस ओढते, म्हणून वरून संथपणे पाणी घालीत धुवायचे असेल तर ती उत्तम. तांब्याच्या नळ्या जवळजवळ, सारख्या अंतरावर असतील तर त्या जवळपास तेच काम करतात. एकुलते जाळे एका रेषेतून ओढते. त्याच्यासाठी सगळे पाणी एकदम घालून, ढवळून, थर पुन्हा बसू देऊन मग सोडणे बरे. पिशवी हा मात्र अपवाद. तिथे खरोखर कापड गाळते, म्हणून भरड बारीक असली तरी चालते. पण रस जरा गढूळ येतो आणि पुढे भांड्यात निवळावा लागतो. ज्याची त्याची सोय.

एक तपशील वाचून मला हसू आले. गहू किंवा ओट घालून बिअर करायची असेल, तर त्यांना तूस नसते अथवा पुरेसे नसते आणि मॅश अडते. त्यावर उपाय म्हणून तिकडचे लोक दुकानातून भाताचे तूस विकत आणतात आणि मूठ-मूठ मिसळतात. कोकणात गिरणीच्या मागे ज्याचे ढीग पडतात आणि जे जाळून आपण दात घासायची राखुंडी करीत होतो, तेच हे!

मी विद्यार्थ्याला विचारले, ‘मॉल्ट कशात बारीक केलेस?’ उत्तर आले, ‘मिक्सरमध्ये. जितके बारीक तितकी साखर जास्त, असे वाटले.’ मग मी त्याला लिहिले : ‘गाळणी निर्दोष आहे. चारांतली तुला झेपेल ती घे. फक्त चेपणार नाही अशी पाहा. दळू नको, भरड. तोटी थोडीच उघड. आणि पहिला गढूळ रस परत वर ओत.’

हे शेवटचे वाक्य लिहिताना माझा हात थांबला. पंचवीस वर्षांपूर्वी तीन मडक्यांच्या प्रयोगात याच मुलाने खालच्या मडक्यातले पहिले गढूळ पाणी उचलून परत वाळूवर ओतले होते. मला वाटले, प्रयोग फसला म्हणून तो लपवाछपवी करतो आहे. ‘फसवतोस काय रे?’ असे म्हणून मी सगळ्या वर्गासमोर त्याला बाकावर उभे केले, मडके रिकामे करायला लावले आणि फळ्यावर लिहिले, की वाळूच्या बुडाशी चिंधी घट्ट नसल्यास पाणी गढूळ येते. नव्या वाळूचा थर बसायला थोडे पाणी जावे लागते, हे त्या अकरा वर्षांच्या पोराला हाताने कळले होते आणि मला पुस्तकाने कळले नव्हते. त्यानंतर वर्षानुवर्षे मी तीच चिंधी मुलांना शिकवीत आलो.

मी त्याला ते सगळे कळवले आणि माफी मागितली. त्याचे उत्तर दोन दिवसांनी आले. ‘सर, मला बाकावर उभे केल्याचे बरेच प्रसंग आठवतात, त्यात हा नाही.’ खाली त्याने नवे छायाचित्र जोडले होते. पेटीत तांब्याची नळी बसवलेली, बाजूला काचेची तीन भांडी ओळीने मांडलेली. पहिले ताकासारखे, दुसरे जरा फिके, तिसऱ्यातून मागची खिडकी दिसत होती.

यंदा जूनमध्ये सहावीच्या वर्गात मी पुन्हा तीन मडकी मांडली. पहिले पाणी नेहमीप्रमाणे गढूळ आले. मुले माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी ते मडके उचलले आणि सगळे पाणी परत वर ओतले.